एकशे वीस-ऐंशीचा हात

"सिस्टर, मशीन बिघडलंय तुमचं."

मास्तर हे बोलले तेव्हा त्यांच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क होता, अंगात सणकून ताप होता आणि दर दोन शब्दांनंतर थांबून श्वास ओढावा लागत होता. पण समोर चुकलेलं मशीन दिसतंय आणि मास्तर गप्प बसलेत, असं त्यांच्या एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आजारी पडले म्हणून काय झालं?

सिस्टर त्यांच्या दंडाचा पट्टा सोडत होती. उशाशी बसवलेल्या पडद्यावर आकडे आले होते. वर एकशे अडुसष्ट, खाली एकशे दोन.

"मशीन चांगलं आहे काका. तुमचं प्रेशर वाढलंय. गोळी चालू आहे का कुठली?"

"गोळी कशाला? माझा हात एकशे वीस-ऐंशीचा आहे."

"हात एकशे वीस-ऐंशीचा?" तेवढ्या धावपळीतही सिस्टरला हसू फुटलं. "काका, सदऱ्याचं माप सांगावं तसं सांगताय."

"मापच आहे ते," मास्तर मास्कच्या आतून गुरगुरले. "दुसरं आणा."

दुसरं आणलं. त्यानं एकशे सहासष्ट दाखवलं. शेजारच्या पलंगावरचं तिसरं आणलं, त्यानं एकशे सत्तर दाखवलं. मास्तरांनी तिघांनाही नापास केलं. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांवर त्यांचा मुळातच राग. माणसाच्या नाडीला कान न लावता आकडा सांगायचा म्हणजे अंदाजपंचे कारभार, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि मास्तर ते कुणालाही, कुठेही, न विचारता ऐकवायचे.

त्यांना तो अधिकारही होता म्हणा. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून, रबरी फुगा दाबून प्रेशर मोजतात ना, त्या मशीनची गोल तबकडी उघडून तिचा काटा ठिकाणावर आणणं हा मास्तरांचा तेहतीस वर्षांचा धंदा. रस्त्याला लागून एक खोली, खिडकीपाशी टेबल, टेबलावर भिंग आणि घड्याळजींकडे असतात तसले बारीक पेचकस. आसपासच्या यच्चयावत दवाखान्यांची मशीन त्यांच्याकडे यायची. लोक त्यांना काटेमास्तर म्हणायचे. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं, पण चुकलेल्या काट्याचे कान धरून त्याला सरळ करतात म्हणून मास्तर.

सिस्टरला आणखी तीस पेशंट होते. तापाची साथ दोन महिने चालली होती, वॉर्डात पलंगाला पलंग लागले होते, आणि हे गृहस्थ मशीनच्या परीक्षा घेत होते. ती तडक गेली, जुन्या सामानाचं कपाट उघडलं आणि एक लांबट लाकडी पेटी आणून त्यांच्या पोटाशी आदळली.

"ह्याच्यावर तरी विश्वास आहे का?"

मास्तरांचे डोळेच लकाकले. पाऱ्याचं मशीन! उभी काचेची नळी, मागं आकड्यांची पट्टी, तळाशी चकचकीत पारा. गेल्या नऊ वर्षांत त्यांनी ते डोळ्यानं पाहिलं नव्हतं. पाऱ्यात स्प्रिंग नसते, पेच नसतो, काटा नसतो. पाऱ्याला फक्त वजन असतं, आणि वजनाला कुणी फितवू शकत नाही.

"तुमच्या गळ्यातली नळी माझ्या कानात द्या," ते म्हणाले. "फुगा तुम्ही दाबा."

सिस्टरनं फुगा दाबला. पारा सरसर दोनशेवर गेला. मग ती हळूहळू हवा सोडायला लागली. मास्तर कान देऊन ऐकत होते. या शांततेवर त्यांचं फार प्रेम होतं. पट्ट्यानं रक्त अडवलेलं असतं, हात जणू कुणाचाच नसतो, आणि मग पारा उतरता उतरता एका जागी आतून कुणीतरी दार वाजवल्यासारखा पहिला ठोका येतो. तेहतीस वर्षांत हजारदा ऐकूनही त्या पहिल्या ठोक्याला त्यांना नवल वाटायचं.

ठोका आला. पारा एकशे चौसष्टावर होता.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

पुन्हा एकशे चौसष्ट. खालचा आकडा शंभर.

मास्तरांनी नळी कानांतून काढली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बरोबर आहे सिस्टर. तुमची सगळी मशीन बरोबर आहेत."

म्हातारा एकदाचा गप्प झाला म्हणून सिस्टरनं सुटकेचा श्वास टाकला आणि ती पुढच्या पलंगाकडे वळली. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते तिला दिसलं नाही.

त्याचं असं झालं होतं. तबकडीचं मशीन नीट करायचं तर ते पाऱ्याच्या नळीशी जोडून ताडून बघावं लागतं. मास्तरांकडे तशी एक नळी होती, त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेली. नऊ वर्षांपूर्वी ती हातातून निसटली. खोलीभर पाऱ्याचे मणी पळाले. नवी मिळेना, कारण पारा विषारी म्हणून ती बनवणंच बंद झालं होतं. त्याच आठवड्यात एका डॉक्टरांनी सहज म्हणून मास्तरांचं प्रेशर मोजलं. एकशे वीस-ऐंशी, ना एक कमी ना एक जास्त. डॉक्टर हसून म्हणाले, "वा मास्तर! तुमचा हात म्हणजे नमुनाच की. ह्याच्यावरच मशीन लावत जा."

डॉक्टर बोलून गेले आणि विसरले. मास्तरांनी मात्र ते मनावर घेतलं. नवी नळी मिळेपर्यंत तात्पुरती सोय, असं सुरुवातीला होतं. मशीन दुरुस्त झालं की पट्टा स्वतःच्या डाव्या दंडाला बांधायचा, उजव्या हातानं फुगा दाबायचा, आणि पहिला ठोका एकशे वीसवर आणि शेवटचा ऐंशीवर येईपर्यंत आतला पेच फिरवत राहायचं. नळी काही मिळाली नाही. तात्पुरती सोय नऊ वर्षं चालली. पुढं पुढं तर त्यांना त्या हाताचा अभिमान वाटायला लागला. डाव्या हातात ते जड पिशवीही धरायचे नाहीत. बायको म्हणायची, "सोन्याचा असल्यासारखा सांभाळताय." ते म्हणायचे, "सोन्याला काय करायचंय? हा प्रमाण हात आहे."

आणि त्या नऊ वर्षांत त्या हातातलं रक्त चढत गेलं होतं. वर्षाला तीन-चार अंकांनी, कसलाही गाजावाजा न करता. हात चढला की काटा जास्त दाखवायचा. काटा जास्त दाखवतोय म्हणजे मशीन बिघडलं, असं म्हणून मास्तर पेच फिरवून काट्याला खाली आणायचे. स्वतःच्या हातावर शंका घ्यावी असं त्यांच्या मनाला एकदाही शिवलं नाही. सकाळी डोकं जड व्हायचं, तेव्हा बायको मागं लागायची की दाखवून या कुणाला तरी. मास्तर तिच्यासमोर पट्टा बांधायचे आणि म्हणायचे, "बघ. एकशे वीस-ऐंशी." दुसरं काय येणार होतं? मशीन त्याच हातावर लावलेलं!

पलंगावर पडल्या पडल्या मास्तरांना एकेक गोष्ट आठवायला लागली. वस्तीतल्या दवाखान्यातल्या नर्सताई दोन वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या, "मास्तर, हल्ली पोरींचं प्रेशर फार कमी येतं हो. नव्वद, अठ्ठ्याऐंशी." तेव्हा मास्तरांनीच विनोद केला होता, "खातात कुठं त्या? आरशात बघून पोट भरतात." नर्सताईंनी एकदा बॅटरीचं नवं मशीन आणलं होतं. ते सगळ्यांचंच जास्त दाखवायचं. त्यांनी मास्तरांना विचारलं, आणि मास्तरांनी दुसरी तीन मशीन त्याच्याशेजारी लावून दाखवली. तिन्हींचं उत्तर एक. "तिघं एक सांगतायत आणि हा एकटा दुसरंच बरळतोय. ठेवा त्याला ड्रॉवरमध्ये." ती तिन्ही मशीन मास्तरांच्याच हातची होती. त्या भागातलं प्रत्येक मशीन मास्तरांच्याच हातचं होतं, आणि ही तिन्ही तर एकाच महिन्यात लावलेली, म्हणून ती एकमेकांशी जुळत होती.

आणि मग त्यांना शिंपी आठवला, आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

शिंप्याचं दुकान मास्तरांच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे. पंचवीस वर्षांची दोस्ती. मशीनचे दंडाला बांधायचे कापडी पट्टे फाटले की शिंपीच शिवून द्यायचा. फुग्याचा ताण सोसावा म्हणून दुहेरी शिवण घालायचा, आणि म्हणायचा, "माझी शिवण आहे मास्तर. माणूस फुटेल, पट्टा फुटणार नाही." दर शनिवारी चहाला यायचा, बाही वर करायचा. मास्तर मोजायचे. एकशे अठरा, एकशे बावीस. "ठणठणीत आहेस लेका. शंभर वर्षं जगशील." शिंपी अठ्ठावन्नाव्या वर्षी, पाच आठवड्यांपूर्वी, याच वॉर्डात, चार दिवसांच्या तापानं गेला होता. मास्तर सगळ्यांना सांगत सुटले होते की बघा हो, कसला रोग नाही, प्रेशर नाही, काही नाही, कसा गेला माणूस!

दुपारी डॉक्टर आली. मास्तरांच्या मुलीच्या वयाची, डोळ्यांखाली काळं झालेली, पण बोलणं शांत. तिनं कागद बघितले.

"काका, प्रेशरची गोळी सुरू करतेय. या तापात ते महत्त्वाचं आहे."

"तापाचा आणि प्रेशरचा काय संबंध?" मास्तरांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"पुरतं कोडं अजून कुणालाच सुटलेलं नाही. पण ज्यांचं प्रेशर वर्षानुवर्षं वाढलेलं असतं, त्यांना हा विषाणू जास्त जड जातो, एवढं दिसतंय. रक्तवाहिन्या ताणलेल्या असतात, हृदयावर आधीच भार असतो, मूत्रपिंडं थकलेली असतात. त्यात हा येतो. निरोगी माणूस जो धक्का सोसतो, तो यांना सोसवत नाही. वेळेवर कळलं, उपचार चालू असले, तर निदान आधीपासून सावध तरी राहता येतं." ती क्षणभर थांबली. "तुमच्या भागातून येणाऱ्यांचं एक विचित्र आहे बघा. दवाखान्याच्या कार्डावर सगळ्यांचं प्रेशर अगदी छान लिहिलेलं असतं. इथं आले की वाढलेलं निघतं. तापानं, भीतीनं वाढत असेल, असं आम्ही म्हणतो."

ती पुढं गेली. मास्तरांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

कुणाला कळणार होतं? तापानं वाढतं, भीतीनं वाढतं. डॉक्टरच म्हणाली होती. साऱ्या जगात ही गोष्ट एकट्या मास्तरांना माहीत होती, आणि तेही उद्या राहतील की नाही याची खात्री नव्हती. गप्प पडून राहायचं. बरं होऊन घरी गेलो तर एकेक मशीन गुपचूप नीट करून द्यायचं, आणि नाही गेलो तर सगळं आपल्याबरोबर. तेहतीस वर्षांची अब्रू तरी राहील. हा विचार मास्तरांच्या मनात आला, तो त्यांनी लगेच झटकलाही नाही. बराच वेळ ते त्याला कुरवाळत बसले, हे इथं सांगायलाच हवं.

उशीवर कान टेकून पडले होते. कानात नाडी वाजत होती. धप्, धप्, धप्. सवयीनं त्यांनी मोजायला सुरुवात केली. मिनिटाला ब्याण्णव. मग उगाचच हिशेब करू लागले. ताप नसतानाही दिवसाला लाखभर ठोके. वर्षाला साडेतीन कोटींच्या पुढं. नऊ वर्षं. आणि त्यातला प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा थोडा जास्त जोर लावून मारलेला. अंधारात, एकटं, कुणाला न सांगता. मी शिंप्याशी गप्पा मारत होतो तेव्हाही हे काळीज ओझं ओढत होतं, मी घोरत होतो तेव्हाही. मी रोज त्याच्या तोंडावर सांगत होतो की तुला काही ओझं नाहीच, आणि ते बिचारं आणखी जोर लावत होतं. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या छातीतल्या त्या मुठीएवढ्या गोळ्यापुढं हात जोडावेसे वाटले. केवढी ही ताकद! आणि केवढा हा सोशीकपणा! शिंप्याचंही असंच ओढत असणार. शनिवारी तो हसत बाही वर करायचा, तेव्हा आतून ते दार वाजवत होतं, आणि मी पेच फिरवून ठेवला होता.

चार वाजता बायको आली. वॉर्डात सोडत नव्हते. ती काचेच्या पलीकडे उभी राहायची आणि मोबाइलवर बोलायची.

"जेवलात का?"

"अगं, ऐक." मास्तरांनी मास्क बाजूला केला आणि धापा टाकत सगळं सांगितलं. नळी फुटल्यापासून. काचेपलीकडे तिचा चेहरा बदलत गेला, तो त्यांना दिसत होता.

"म्हणजे शिंपीभावजींना..." ती म्हणाली आणि थांबली.

"हो."

"आणि तुम्हाला पण."

"मला पण. तुलाही. तुझंही मीच मोजत आलोय."

मास्तरांना वाटलं आता ती ओरडेल, रडेल, निदान नशिबाला बोल लावेल. तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि काचेवर तिच्या श्वासानं धुकं आलं होतं ते पुसलं.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही."

"मग सांगा. आत्ता सांगा. मी इथं उभी आहे. तुमचं सांगून होईस्तोवर मी इथनं हलायची नाही."

आणि ती खरंच हलली नाही. मास्तरांनी हात वर करून डॉक्टरला बोलावलं. सगळं सांगायला त्यांना वीस मिनिटं लागली. मध्ये दोनदा डॉक्टरनं मास्क पुन्हा तोंडावर बसवला आणि म्हणाली, सावकाश. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "किती मशीन?"

"एकेचाळीस. कुठलं कुठं आहे, तोंडपाठ आहे."

तिनं लिहून घेतलं. मग मास्तरांनी विचारलं, जे विचारायला ते मघापासून धजत नव्हते ते. "माझ्यामुळं किती गेले असतील?"

"ते मला सांगता येणार नाही काका. कुणालाच येणार नाही. ज्यांच्या गोळ्या वेळेवर चालू होत्या, त्यातलेही गेलेत." ती त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. "पण जे अजून गेलेले नाहीत, त्यांचं काहीतरी करता येईल. त्यासाठी तुम्ही आधी बरे व्हा."

मास्तर तेरा दिवसांनी घरी आले. वजन नऊ किलोनं उतरलेलं, जिना चढताना तीनदा बसावं लागलं. बरोबर गोळ्यांची पाकिटं होती, आणि हातात ती लांबट लाकडी पेटी. डॉक्टरनं ती सही घेऊन दिली होती. एकेचाळीस मशीन त्यांच्या आधीच घरी पोचली होती. बायकोनं स्वतः दारोदार फिरून, कारण सांगून, एकेक गोळा केलं होतं. कुणी काय बोललं ते तिनं सांगितलं नाही, आणि मास्तरांनी विचारलं नाही. फक्त दवाखान्यातल्या नर्सताई स्वतः आल्या. टेबलासमोर उभ्या राहिल्या. पिशवीतून ते ड्रॉवरमध्ये टाकलेलं बॅटरीचं मशीन काढलं आणि मास्तरांसमोर ठेवलं.

"मास्तर, मी माणसांना पाठीवर थाप मारून घरी पाठवलंय," त्या म्हणाल्या. "काही नाही, मजेत राहा, म्हणून." त्या तशाच निघून गेल्या.

मग मास्तरांनी काम सुरू केलं. एकेक तबकडी पाऱ्याला जोडायची, पारा एकशे पन्नासवर न्यायचा आणि काटा काय म्हणतो ते कागदावर लिहायचं. दुरुस्तीची तारीख आत कोरून ठेवायची त्यांची जुनी पद्धत होती. सगळ्यात जुनं मशीन नऊ वर्षांपूर्वीचं, ते एकशे एकोणपन्नास म्हणालं. जवळजवळ बरोबर. पुढच्या वर्षाचं एकशे सेहेचाळीस. मग एकशे बेचाळीस. एकशे अडतीस. एकशे तेहतीस. मास्तर ती तारखेनं ओळीत मांडत गेले. टेबल पुरेना, तेव्हा जमिनीवर सतरंजी अंथरली. शेवटचं मशीन गेल्या महिन्यातलं. पारा एकशे पन्नासवर, आणि काटा एकशे वीसवर, अगदी आज्ञाधारकपणे.

मास्तर त्या ओळीच्या टोकाला उभे राहिले. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांच्या रक्ताची नऊ वर्षं मांडलेली होती. कुठल्या डॉक्टरकडे कुणा माणसाची एवढी बारीक नोंद नसेल. दर दोन-तीन महिन्यांनी चढत गेलेलं, जिन्याच्या पायऱ्यांसारखं. एकही मशीन चुकलेलं नव्हतं. प्रत्येकानं प्रामाणिकपणे तेच लिहून ठेवलं होतं, जे त्या दिवशी त्यांच्या हातानं सांगितलं होतं.

"अगं, इकडे ये," त्यांनी हाक मारली. बायको आली. ओळ न्याहाळत तिनं पाचव्या वर्षाच्या एका मशीनवर बोट ठेवलं. "तुमचं डोकं दुखायला लागलं ते ह्याच्या सुमाराला." मास्तरांनी तारीख पाहिली. अगदी बरोबर होती.

सगळी मशीन नीट व्हायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी नर्सताईंनी दवाखान्याच्या अंगणात दोन टेबलं मांडली आणि सगळ्या वस्तीला निरोप धाडला की पुन्हा मोजून जा. का, तेही स्पष्ट सांगितलं. त्या अजून मास्तरांशी बोलत नव्हत्या. पण दुसऱ्या टेबलामागं त्यांनी एक खुर्ची ठेवली होती, आणि ती कुणासाठी ते सगळ्यांना कळलं.

मास्तर गेले ते लोक जोडे फेकून मारतील अशा तयारीनं. लोक आले, चार-चार हात अंतर ठेवून रांगेत उभे राहिले. कुणी पुटपुटलं, एकानं तोंडावर सुनावलं, "आता तरी बरोबर आहे ना, का उद्या पुन्हा बोलावताय?" मास्तर म्हणाले, "आता बरोबर आहे," आणि सर्वांदेखत आधी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, पाऱ्यावर प्रेशर मोजलं आणि आकडा मोठ्यानं सांगितला. "एकशे अडतीस. अठ्ठ्याऐंशी. गोळीवर." मग रांग हलायला लागली. एकामागून एक दंड पुढं येत होते. जाड, बारीक, सुरकुतलेले, भाजल्याचे डाग असलेले. प्रत्येक वेळी ती शांतता, आणि प्रत्येक वेळी त्या शांततेतून आतल्यानं वाजवलेलं दार. एकशे सत्तरला. एकशे छप्पन्नला. एकशे बाराला. मास्तर आकडा लिहीत होते आणि ज्याचा जास्त येईल त्याला नर्सताईंच्या टेबलाकडे पाठवत होते. दुपारपर्यंत त्या टेबलासमोर तेवीस माणसं बसली होती.

बारा वाजता त्यांनी मान वर केली आणि समोर शिंपीणवहिनी उभ्या होत्या.

मास्तरांच्या हातातलं पेन तिथंच राहिलं. वहिनींना सगळं माहीत होतं, बायकोनं पहिलं घर त्यांचंच गाठलं होतं. त्या स्टुलावर बसल्या, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. मास्तरांना किती दिवस पाठ करून ठेवलेलं बोलायचं होतं.

"वहिनी, मी..."

"मोजा," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. "आणि काय असेल ते सांगा. कमी करून सांगू नका."

मास्तरांनी पट्टा बांधला. फुगा दाबला, नळी कानात घातली, हवा सोडली. अंगण, रांग, माणसं, सगळं दूर गेलं. कितीतरी वेळ नुसती शांतता होती. मग ठोका आला. ज्या घरात पंचवीस वर्षं दोन माणसं समोरासमोर बसून शिवणयंत्रं चालवत होती, त्या घरात आता एकट्यानं चाललेला तो ठोका होता, आणि तो खणखणीत होता. मास्तर शेवटपर्यंत ऐकत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"एकशे अठ्ठावन्न," ते म्हणाले. "चौऱ्याण्णव. गोळी लागेल वहिनी. त्या टेबलावर जा."

वहिनींनी मान हलवली. मास्तरांनी पट्टा सोडला, पण वहिनींनी तो त्यांच्या हाती दिला नाही. मांडीवर घेऊन त्या त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. निळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण होती. टोकाला एका जागी दोरा सैल होऊन बाहेर आला होता.

"उसवायला लागलाय," त्या म्हणाल्या. "आज काम होऊ द्या. संध्याकाळी दुकानात टाकून जा, मी शिवण घालून ठेवते."

पट्टा नीट गुंडाळून त्यांनी टेबलावर ठेवला, बाही खाली केली आणि पलीकडच्या टेबलाकडे गेल्या. मास्तरांनी तो उचलला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बसायला सांगितलं.